पडद्यावरची मान

पडद्यावर माझ्या वहिनीची मान होती आणि हॉल हसत होता.

मीही हसलो. हे आधी सांगून टाकतो. मागाहून सांगायचं ठेवलं तर नेहमीसारखं राहून जाईल.

महाडला हायवेवरच्या एका हॉटेलचा वरचा हॉल. एसी. पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या. विद्यापीठाच्या प्रकल्पाचा समारोप होता. पुढच्या रांगांमध्ये इतिहासवाले, शहरी जीवनावर काम करणारे, पर्यावरण धोरणवाले. मी मागे भिंतीला टेकून उभा. खुर्च्या रिकाम्या होत्या. पण सकाळीच मला सांगण्यात आलं होतं, "सर, तुम्ही जरा चहाचं बघाल का? वेटर तुमच्या ओळखीचे असतील." वेटर बिहारचे होते. मी चहाचं बघितलं.

स्टेजवर मेडिकल फिजिक्सचे प्राध्यापक होते. औषध देणारे डॉक्टर नव्हेत, पीएचडीवाले. पण वाडीत आम्ही सगळे त्यांना डॉक्टरसाहेबच म्हणायचो. त्यांनी एक्स-रे लावला. बाजूने काढलेली बाईची मान, आणि मानेच्या मागे लोंबणारं काहीतरी पांढरंशुभ्र. त्यांनी लाल ठिपका तिथे फिरवला.

"मेटल काढून या म्हटलं होतं. बाईसाहेब अख्खं हार्डवेअरचं दुकान घेऊन आल्या."

मंगळसूत्र होतं ते. त्याच्या दोन वाट्या, वाट्यांजवळ अडकवलेल्या सेफ्टी पिना. सगळे हसले. मीही हसलो, कारण सगळे हसत होते. आणि हसता हसता पिनांच्या शेजारची किल्ली दिसली. छोटी, वरचं कडं एका बाजूला तुटलेलं.

ती किल्ली मला माहीत होती.

"गंमत सोडा," ते म्हणाले. "हा मणका बघा. किती पुढे सरकलाय. वर्षानुवर्षं डोक्यावर वजन वाहिलं की काय होतं, याचं इतकं सुंदर उदाहरण पुस्तकातसुद्धा मिळत नाही. या बाईच्या हातातली ताकद कधीही जाऊ शकते."

पुढच्या रांगेतल्या एकाने मोबाईल उंच करून फोटो काढला.

सुंदर उदाहरण.

मी महाडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. तासिका तत्त्वावर. जितके तास तितकी नोकरी, सुट्टी लागली की माणूस बेकार. पन्नाशी आली. विद्यार्थी सर म्हणतात. कायम नोकरीवाले माझ्यासमोर आपसात पगारवाढीचं बोलतात, जसं काही मी टेबल-खुर्ची आहे. मी कधी काही बोललो नाही. गप्प बसण्यात मी हयात घालवली आणि लोकांनी त्याला सज्जनपणा म्हटलं.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. उन्हाळ्यात वरचा झरा आटतो. मग बायका खाली ओढ्यात उतरतात, कोरड्या पात्रात खड्डा करतात, झिरपेल ते वाटीने हंड्यात भरतात आणि चढ चढून घरी आणतात. आमच्याकडे पुरुष डोक्यावर पाणी घेत नाही. घेतलं तर हसतात. आई लवकर गेली, दादा मुंबईला कामाला, आणि घरात मी आणि वहिनी. मी पडवीत पुस्तक घेऊन बसायचो. ती माझ्यासमोरून हंड्यावर हंडा ठेवून वर यायची. कितीदा आली असेल. मी उठून एकदाही तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवला नाही. पाय पोटाशी घेऊन तिला वाट दिली, एवढंच.

माझी सगळी सर्टिफिकेटं अजून तिच्या लोखंडी पेटीत आहेत. पेटीची किल्ली तिच्या गळ्यात.

प्रकल्पाच्या प्रमुख मॅडम होत्या, पर्यावरण धोरणाच्या प्राध्यापक. त्या कॉलेजात आल्या तेव्हा आमच्या प्राचार्यांनी मला पुढे केलं. डोंगरातले झरे कसे आटले, सरकारने काय केलं, माणसं शहरात कशी गेली, आणि मागे राहिलेल्या बायकांच्या शरीराचं काय झालं, हे सगळं एकत्र तपासायचं होतं. विषय चांगला होता. आजही म्हणतो, चांगला होता. मी इतकी वर्षं इतिहास शिकवला आणि वहिनीच्या हंड्यावर एक ओळ लिहिली नव्हती. त्यांना ते सुचलं.

त्यांना वाडीत शिरायला माणूस हवा होता. मला त्यांच्या लेखावर माझं नाव हवं होतं. त्या नावावर कुठेतरी कायम जागा मिळेल असं वाटत होतं. पन्नाशीच्या माणसाला काय काय वाटतं.

पहिल्या दिवशी त्यांनी महाडला तळ्यावर गाडी थांबवली. सगळे पायऱ्यांवर उभे राहिले आणि मॅडमनी मोबाईल माझ्या हातात दिला. "सर, मागचं पाणी आलं पाहिजे हं." मी वाकून, मागे सरून पाणी आणलं फोटोत. त्या तळ्याचा धडा मी दरवर्षी वर्गात आवाज चढवून शिकवतो. पाणी पिण्याचा हक्क म्हणजे काय, ते सांगतो. त्या वेळी आमच्या वाडीतले लोक कुठे उभे होते, हे मात्र घरात कधी विचारलं नाही. न विचारणं हा माझा जुना धंदा.

मग गाडीत जागा नव्हती. "तुम्ही बाइकवर पुढे व्हा, आम्ही मागून येतो." गेलो.

आमच्या वाडीत बाहेरच्या माणसाला काही हवं असेल तर गावकीपुढे नारळ ठेवावा लागतो. देवळासमोर सगळे बसतात. मागणारा नारळ ठेवतो आणि काय हवं ते तोंडाने सांगतो. गावकीने नारळ उचलून देवळात ठेवला की परवानगी मिळाली. पण तो फोडत नाहीत. काम झालं की मागणाऱ्याने परत यायचं, उभं राहून सांगायचं, काय केलं, काय निघालं. त्यानंतरच नारळ फुटतो आणि खोबरं वाटतात. पवनचक्कीवाले आले होते तेव्हा त्यांनीही नारळ ठेवला होता. ते परत आले नाहीत. तो नारळ बरीच वर्षं देवळाच्या कोनाड्यात होता.

मी मॅडमना हे समजावून सांगितलं. त्यांना आवडलं. "किती छान प्रथा आहे," म्हणाल्या, आणि लिहून घेतली. नारळ ठेवायची वेळ आली तेव्हा त्या रेंज शोधत उंचावर गेल्या होत्या. तिथून हाताने खूण केली, तुम्हीच ठेवा.

तात्या आमच्या गावकीतला सर्वांत म्हातारा. त्याने मला विचारलं, "मास्तर, नारल तुजा की त्येंचा?"

"एकच की तात्या."

"एक नाय," तात्या म्हणाला. "पन ठेव."

मी ठेवला. म्हणालो, बायकांच्या मानेचे फोटो काढतील, जे दिसेल ते आधी गावाला सांगतील. हे मला मॅडमनी कबूल केलं होतं. गाडीच्या खिडकीतून कबूल केलं होतं, तेवढं खरं.

मशीन आलं त्या दिवशी शाळेच्या खोलीला पडदा लावला. बाहेर बायकांची रांग. मजा चालली होती.

"गो, माज्या पोटातला भात दिसंल काय त्यात?"

"भात कसला दिसतोय. तुजी सासू दिसंल, बसलीय आत चावत."

आत डॉक्टरसाहेब घाई करत होते. धातू काढा, धातू काढा. बायका पडद्याआड जाऊन मंगळसूत्र काढून मुठीत धरत होत्या. एकमेकींकडे बघत नव्हत्या. वहिनीची पाळी आली तशी ती उभी राहिली.

"मी नाय काढायची. नवरा जिता हाय माजा."

"मेटल काढायला सांगा त्यांना," डॉक्टरसाहेब मला म्हणाले. तिच्याशी बोललेच नाहीत. "एवढं समजत नाही का?"

मी गेलो. "वहिनी, मिनिटभराचं काम आहे."

"भावजी, तुमी नका सांगू."

एवढंच. माझ्याकडे बघून म्हणाली. मग मंगळसूत्र गळ्यातून न काढता मागे पाठीवर टाकलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मारा आता फोटो."

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय दिसला?"

मी डॉक्टरसाहेबांकडे बघितलं. ते मशीनच्या स्क्रीनवर वाकले होते. त्यांनी कुणाला तरी हाक मारली, "हे बघ, हे बघ," आणि दोघं बराच वेळ तिथेच वाकून राहिले. मी विचारलं, "सर, काही आहे का?" म्हणाले, "रिपोर्ट येईल."

मी वहिनीला सांगितलं, रिपोर्ट येईल.

ते "हे बघ, हे बघ" अजून कानात आहे. त्याच दिवशी त्यांना दिसलं होतं. उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं, बाई, डोक्यावर पाणी घेऊ नका, इस्पितळात जा. तेवढं वाक्य त्यांच्याकडे नव्हतं. चार विषयांची माणसं होती त्या दिवशी वाडीत. इतिहासवाला तात्याकडून झऱ्याची गोष्ट लिहून घेत होता. शहरवाली मुलगी कुलूप लागलेली घरं मोजत होती. मॅडम धोरण लिहिणार होत्या. आणि मी पाण्याच्या बाटल्या वाटत होतो. बाटल्या महाडहून आणल्या होत्या. वाडीचं पाणी त्यांनी तपासायला नेलं, प्यायलं नाही. वहिनीने सगळ्यांसाठी तांब्या भरून ठेवला होता. तो तसाच परत गेला. ओढ्यातून आणलेलं पाणी होतं ते.

पुढे वहिनीचे फोन.

"भावजी, त्यो फोटो आला का वो? हाताला मुंग्या येतात."

"येईल, वहिनी."

"परवा हंडा सुटला. वाटंतच. समदा पानी गेला."

"विचारतो."

विचारलं नाही. मॅडमना मेसेज लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. लेख लिहिणं चालू होतं, त्यात माझं नाव येणार होतं, आणि मला कटकट्या माणूस व्हायचं नव्हतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. वहिनी एका हाताने पाणी आणत राहिली. आणि मग समारोपाचं निमंत्रण आलं. कार्यक्रमपत्रिकेवर माझं नाव शेवटी होतं. स्थानिक साहाय्य.

तर तो हॉल. ती किल्ली.

मी भिंत सोडली आणि पुढे गेलो.

"सर, या बाईला हे सांगितलंय का?"

डॉक्टरसाहेब थांबले. "काय?"

"हात जाईल म्हणून."

"हे बघा, आम्ही उपचार करत नाही. संशोधन वेगळं, उपचार वेगळे. शिवाय नावं गोपनीय असतात. नीतीचा भाग आहे तो."

मॅडम पुढच्या रांगेतून हळू म्हणाल्या, "सर, हे आपण चहाच्या वेळी बोलू या का?"

"ती माझी वहिनी आहे."

कुणीतरी इंग्रजीत काहीतरी पुटपुटलं. डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढला. "तुम्हाला कसं कळलं? डेटा अनामिक आहे."

"ती किल्ली तिच्या पेटीची आहे. आत माझ्या डिग्र्या आहेत."

"सॉरी," ते म्हणाले. मग समजुतीच्या सुरात, "पण बघा, असं उघड बोलून तुम्हीच तिची गोपनीयता मोडताय."

तेव्हा माझ्यात काहीतरी तुटलं. आतापर्यंतचं सगळं मी गिळलं होतं. चहा, बाइक, मोबाईल, शेवटी छापलेलं नाव. पण हे घशाखाली जाईना. तिचं नाव काढून टाकलं म्हणून तिला सांगता येत नाही, आणि नाव नाही म्हणून तिच्यावर हसता येतं. यालाच हे नीती म्हणत होते. माझ्याच भाषेत, माझ्याच मुलखात उभं राहून.

मी म्हणालो, "हसताना ती अनामिक होती. आता तिचं नाव सांगतो, मग परत हसून दाखवा."

आणि मी तिचं नाव घेतलं. पूर्ण. माहेरचं, सासरचं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. इथे मी ते नाव लिहीत नाही, ते तिचं आहे. तो हॉल मात्र तिचं तेवढं देणं लागत होता.

गळ्यातला बिल्ला काढून चहाच्या टेबलावर ठेवला आणि खाली उतरलो.

वहिनीला आधी महाडला दाखवलं, मग मुंबईला नेलं. तिथल्या सर्जन बाईंनी फिल्म उजेडात धरली आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" दादा माझ्याकडे बघत होता. ऑपरेशन झालं. मान वाचली. डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत. भाकरी थापताना ती पीठ उजव्या हाताने फिरवते, डावा हात नुसता बाजूला टेकलेला असतो. दादा अजून माझ्याशी धड बोलत नाही. बरोबर आहे त्याचं.

शिमग्याला मुंबईकर आले तेव्हा गावकी बसली. मी स्वतः तात्याला सांगून माझा विषय लावून घेतला होता. तात्याने कोनाड्यातून नारळ आणला आणि कानाजवळ नेऊन हलवला. आत गोटा वाजला.

"मास्तर," तात्या म्हणाला, "आता सांग. नारल तुजा की त्येंचा?"

"माझा."

मी उभा राहून सगळं सांगितलं. हॉल, हसणं, सगळं. मी हसलो तेही. कुणी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एक मुंबईकर पोरगा बोललाच, "काका, तुमी शिकलेले. तुमाला येवढा कळला नाय?"

आमच्या गावकीत बायका पायरीपाशी बाजूला बसतात, बोलत नाहीत. वहिनी मानेला पट्टा लावून बसली होती. ती बसल्या जागेवरून बोलली.

"माजा झाला तो झाला. ह्या बाकीच्यांच्या मानंत काय हाय?"

कुणाला कळलं नाही पटकन.

"फोटो समद्यांचे काढले ना? समद्यांचे त्येंच्याकडं हायत. माजी किल्ली दिसली म्हनून मी तरी गावली. ह्यांनी तर गळ्यातला काढला होता. ह्या कशा गावनार?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने नकळत हात मानेवर नेला. मग दुसरीने. रांगेत भाताची मस्करी करणारी ती, तिचाही हात मानेवर होता.

मी तिथे उभा होतो आणि मला लाज वाटत होती, कारण इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी आपल्या घरच्या मानेसाठी भांडून आलो होतो आणि स्वतःला शूर समजत होतो.

नारळ फुटला नाही. तात्याने तो परत कोनाड्यात ठेवला.

मी विद्यापीठाला लिहिलं. उत्तर आलं, त्रयस्थ व्यक्तीला माहिती देता येत नाही, संबंधितांनी स्वतः संपर्क साधावा. त्रयस्थ म्हणजे मी. नारळ ठेवताना त्रयस्थ नव्हतो. बायकांना बोलावून आणताना नव्हतो. आता झालो.

त्यानंतर मॅडमचा फोन. आवाज गोड. "सर, त्या दिवशी तुम्ही फार भावनिक झालात, मी समजू शकते. आता दुसरा टप्पा मंजूर झालाय. सावित्री नदीकाठची गावं घ्यायची आहेत, तुडीलच्या बाजूची. तुमच्याशिवाय कसं होणार? आणि या वेळी लेखक म्हणून नाव. नक्की."

ज्यासाठी मी गप्प बसलो होतो ते समोर आलं होतं.

"आधीच्या बायकांना त्यांच्या माना परत द्या," मी म्हणालो.

"सर, प्रक्रिया असते."

"मग नाही."

"विचार करा थोडा."

"आयुष्यभर विचारच केला, मॅडम. त्यात एका बाईचा हात गेला."

फोन ठेवला. त्यानंतर तुडीलला गेलो, नाते गावाला गेलो, जिथे जिथे ओळख आहे तिथे जाऊन सांगितलं. मशीन घेऊन कोणी आलं तर जे दिसेल ते त्याच दिवशी, त्याच खोलीत, त्या बाईच्या तोंडावर सांगायचं. कबूल असेल तर आत या. आणि नारळ ज्याला हवंय त्याने स्वतःच्या हाताने ठेवायचा. आमच्यातल्या कुणी मध्ये हात घालायचा नाही. माझ्यासारख्याने तर नाहीच.

आता उन्हाळा आहे. सकाळी ओढ्यातून पाणी मी आणतो. डोक्यावर. वाडी हसते, "मास्तर बाईमानूस झाला." हसू दे. पाणी वाहून वहिनीची बोटं मिटत नाहीत आणि मी पुण्यवान ठरत नाही. मान दुखते, एवढं कळलं. ते आधी कळायला हवं होतं.

संबंधितांनी स्वतः संपर्क साधावा असं त्यांनी लिहिलंय. ठीक. संबंधित येतायत. पोलादपूरहून पहाटेची एसटी धरणार आहोत. रांगेत उभी राहिलेली प्रत्येक बाई, आणि पुढे वहिनी. त्या आपापलं नाव सांगतील आणि आपापली मान मागतील. मिळेपर्यंत विद्यापीठाच्या पायरीवरून उठणार नाहीत. मला तिथून हाकलतील, त्रयस्थ म्हणतील. मी हलणार नाही.

त्या इमारतीच्या दारात तपासणीची चौकट आहे, मी पाहिलीय. शिपाई म्हणेल, धातूचं काही असेल तर काढून ठेवा. बायकांचं ठरलंय. चौकट वाजली तर वाजू दे, प्रत्येकीला वाजू दे, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाऊ दे. गळ्यातलं काही निघणार नाही.